बाग-ट्रॅक्टरला मागचा पीटीओ: कामाच्या नोंदी

५ एप्रिल २०२५

ट्रॅक्टर बागेचा, शेतातला नव्हे. १६ एचपीचं दोन सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं पेट्रोल इंजिन, हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्स, पोटाखाली गवत कापायचा ४८ इंची डेक. जागा गोरेगावातल्या एका मोठ्या वसाहतीची बाग. लॉनचं काम आठवड्यातून एक दिवस, बाकी दिवस गाडी शेडमध्ये उभी. मागे मिनिटाला ५४० फेऱ्यांचा पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा फिरता शाफ्ट, बसवला तर तीन अवजारं चालतील: फांद्यांचा भुगा करणारा चिपर, पाणी उपसायचा पंप आणि शेणखत पसरायची चक्री.

रोटाव्हेटरची मागणी होती, ती आजच बाद केली. मिनी ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) फार जड पडतो आणि या गाडीचा मागचा केसिंग अॅल्युमिनियमचा आहे. उचलून धरलेलं वजन खड्ड्यात आपटलं की तडा पहिल्यांदा बोल्टच्या भोकापाशी जातो. मागच्या हिचवर, म्हणजे अवजार उचलून धरणाऱ्या जोडावर, ९० किलोची मर्यादा ठरवली. त्याहून जड असेल ते स्वतःच्या चाकांवर येईल.

डेक उतरवला. क्रँक (इंजिनाचा मुख्य शाफ्ट) गाडीच्या लांबीच्या दिशेने आहे, पुढच्या टोकाला विजेवर चालणारा क्लच आहे आणि त्यावर बी सेक्शनच्या पट्ट्याची एक खाच. ही मांडणी सोयीची आहे, कारण पोटाखालून मागे सरळ शाफ्ट नेता येतो, काटकोनी गिअरबॉक्स लागत नाही.

फिरण्याची दिशा आधी तपासली. प्लग काढून, पुलीवर खडूची खूण करून क्रँक हाताने फिरवला. समोरून पाहता उलटा, म्हणजे मागून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. पीटीओलाही मागून पाहता हीच दिशा लागते. पट्टा आणि चेन दिशा बदलत नाहीत. गिअरची एक जोडी बदलते. जुन्या बाजारात एका टप्प्याचा गिअरबॉक्स स्वस्तात मिळतो म्हणून तो लावला, तर चिपर उलटा फिरेल आणि फांदी ओढून घेण्याऐवजी माणसाच्या अंगावर फेकेल.

१२ एप्रिल

हिशेब. क्लचची पुली १२५ मिमी, खालच्या शाफ्टवर २२५ मिमी, गुणोत्तर १.८. मागे चेनच्या पेटीत १५ आणि ४५ दातांची स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं), गुणोत्तर ३. एकूण ५.४. इंजिन २९१६ फेऱ्यांवर धरलं की मधला शाफ्ट १६२० आणि पीटीओ ५४०. थ्रॉटल पूर्ण उघडून ३६०० केलं तर पीटीओ ६६७ वर जाईल, म्हणून थ्रॉटलच्या पट्टीत २९०० च्या जागी आडवा स्क्रू बसवायचा. नुसती रंगाची खूण पुरत नाही, दुसऱ्या दिवशी ती कोणी पाहत नाही.

पट्ट्याची खाच एकच आहे, म्हणून पीटीओवर १० एचपी ही वरची मर्यादा. ५४० फेऱ्यांना १० एचपी म्हणजे १३२ न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क).

चेन १०-बी दुपदरी, पिच (दोन रोलरमधलं अंतर) १५.८७५ मिमी. पिळाचा हिशेब केला तर एकपदरीसुद्धा तुटणार नाही. पण लहान स्प्रॉकेट १६२० फेऱ्यांनी फिरतं आणि चेनचा वेग सेकंदाला ६.४ मीटर येतो. इतक्या वेगात चेन ताणाने कमी आणि रोलर दातांवर आपटून जास्त मरते. दुपदरीत तो मार वाटला जातो. शिवाय तेलात बुडालेली पेटी हवीच, ग्रीसवर ही चेन टिकणार नाही.

दोन स्प्रॉकेटच्या केंद्रांमधलं अंतर २४२ मिमी, कड्या ६२. सम आकडा मुद्दाम धरला. विषम आला की अर्धी कडी घालावी लागते आणि चेन तिथेच तुटते.

मधला शाफ्ट गाडीच्या मध्यरेषेपासून ९० मिमी उजवीकडे, जमिनीपासून २०० मिमी उंचीवर. मागच्या अॅक्सलच्या नळीखालून २७ मिमी जागा राहते. पुढचा अॅक्सल मधल्या पिनवर दोन्ही बाजूंना १० अंश डुलतो, शाफ्टच्या जागी ही हालचाल साधारण १६ मिमी होते. मोकळी जागा ३० मिमी आहे, तेव्हा चालेल. चेनची पेटी उभी न बसवता २२ अंश डावीकडे कलती बसवली की वरचा शाफ्ट बरोबर मध्यरेषेवर येतो आणि उंची मिळते ४२५ मिमी.

१९ एप्रिल

खरेदी. नागदेवी स्ट्रीटवरून: यूसीपी २०५ पेडेस्टल बेअरिंग २, पेटीसाठी ६२०६ आणि ६२०८ बेअरिंग प्रत्येकी २, ऑइल सील, १०-बी दुपदरी चेन ५ फूट, दोन्ही स्प्रॉकेट, स्टार कपलिंग, बी-४३ पट्टे २. हिशेबाने लांबी बी-४२ आणि ४३ च्या मध्ये येत होती. बी-४२ चढतच नाही, ४३ थोडा सैल पडतो आणि ती सैल जागा आयडलर, म्हणजे पट्टा ताणून धरणारी मोकळी पुली, घेतो. आयडलर मागून पाहता उजव्या बाजूला. ताणाची बाजू डावी आहे, तिथे आयडलर लावला की त्याचं बेअरिंग महिन्याभरात वाजायला लागतं.

दारूखान्यातून, म्हणजे जहाजांच्या भंगाराच्या बाजारातून, ६ मिमीची प्लेट, पेटीच्या दोन बाजूंना पुरेल इतकी, आणि ५० मिमीचा अँगल ३ मीटर. भंगारातली प्लेट घेताना तिच्यावर सरळ पट्टी ठेवून उजेडाकडे धरून पाहावी. जहाजाची प्लेट गॅसने कापताना पिळलेली असते आणि तो पीळ हातोड्याने पूर्ण निघत नाही.

२५ मिमीचा ब्राइट बार, लांबी १५०० मिमी. सहा स्प्लाइनचा (लांबीच्या खाचांचा) १⅜ इंची शाफ्ट तयार मिळाला, मागचा गोल भाग ४० मिमीचा. वरून कडक केलेला असल्यामुळे साध्या टूलने चावीची खाच पडत नाही, कार्बाइड लागतं.

२७ एप्रिल

पेटी बिघडली. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये दोन्ही प्लेटा एकावर एक टाके मारून बेअरिंगची भोकं एकदम बोअर करून घेतली होती. ते बरोबरच. मग प्लेटा सोडवून कडेची पट्टी सलग वेल्ड मारून लावली, आणि घोटाळा इथे झाला. वेल्ड थंड होताना आकसतो. वरचं ६२०८ चं भोक ०.३ मिमी अंडाकृती झालं, बेअरिंग ठोकून बसलं पण हाताने फिरेना. बाहेरची रिंग दाबली गेली की आतल्या गोळ्या अडकतात. अशी पेटी चालवली असती तर तासाभरात निळी पडली असती.

योग्य क्रम असा: आधी सगळं वेल्डिंग, तेही सलग न मारता समोरासमोर २५ मिमीचे तुकडे मारत. पेटी एक रात्र पडू द्यायची. मग जोडलेल्या पेटीतच भोकं अंतिम मापाला बोअर करायची. आता दोन्ही भोकं ६ मिमीने मोठी करून त्यात ३ मिमी जाडीच्या बुश दाबून बसवल्या आणि पुन्हा बोअर केलं. वरचं झाकण वेल्ड नाही, आठ बोल्ट आणि कॉर्कचं गॅस्केट. चेन बदलायला पेटी कापायची वेळ येऊ नये.

आत डाव्या बाजूला नायलॉनची पट्टी, स्क्रूने पुढे सरकणारी. खालचं स्प्रॉकेट चेनला उजव्या बाजूने ओढतं, सैल बाजू डावी.

१० मे

सगळं बसवून अवजाराशिवाय पहिली चाचणी. मधला शाफ्ट १३०० फेऱ्यांपर्यंत शांत. १५०० ला पायदानावर ठेवलेला पाना सरकायला लागला. १५५० च्या पुढे शाफ्ट मधोमध दोरीवरच्या उडीसारखा फुगलेला दिसला, पत्र्याचा आवाज सुरू झाला, तेव्हा लगेच बंद.

पहिला संशय बार वाकडा असल्याचा. दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला: मध्यावर ०.२ मिमी. इतकं चालतं. दोष शाफ्टच्या लांबीत आहे. कुठल्याही लांब शाफ्टला एक ठरावीक वेग असतो, त्यावर तो स्वतःच्याच वजनाने बाहेर फेकला जातो. दोन टोकांना बेअरिंग असलेल्या भरीव पोलादी शाफ्टसाठी ठोकताळा: १२ कोटी गुणिले व्यास, भागिले दोन बेअरिंगांमधल्या अंतराचा वर्ग, मापं मिलिमीटरमध्ये. इथे व्यास २५, अंतर १३८०. उत्तर १५७५. आणि आपला चालायचा वेग १६२०. कागदावर हा आकडा आधी काढायला हवा होता. पिळाचा हिशेब केला, गुणोत्तराचा केला, हा राहिला.

शाफ्ट ३० मिमीचा करणं हा उपाय नव्हे. व्यासाने वेग सरळ पटीत वाढतो, म्हणजे १८९० येतो, तोही फार जवळ. अंतर अर्धं केलं की वेग चौपट होतो. मधोमध तिसरं पेडेस्टल, अंतर ६९०, उत्तर ६३०० च्या आसपास.

११ मे

मधलं यूसीपी २०५ आडव्या अँगलवर टांगलं. हे बेअरिंग आपल्या घरात थोडं तिरपं होऊ शकतं, तरी तीन बेअरिंग एका रेषेत आणायला दोरा ताणून खाली शिम (पातळ पत्रे) घातले, ०.८ मिमी. शिम न घालता बोल्ट आवळले तर शाफ्ट जबरदस्तीने वाकतो आणि मधलं बेअरिंग गरम होतं. आता १६२० ला पायदानावरचं पाणी भरलेलं भांडं हलत नाही.

पट्ट्याचा ताण: दोन पुलींमध्ये साधारण ३०० मिमीचा मोकळा पट्टा, मध्यावर अंगठ्याने दाबून ५ मिमी जावा.

पेटीत तेल एसएई ४०. सुरुवातीला खालच्या स्प्रॉकेटच्या मध्यापर्यंत भरलं, ते जास्त झालं. वीस मिनिटांत तेलाचा फेस झाला, श्वासनळीतून गळायला लागलं आणि पेटीला हात लावेना. १६२० ने फिरणारं स्प्रॉकेट तेल घुसळतं, सगळी उष्णता त्यातून येते. तेल फक्त चेनच्या सर्वांत खालच्या कडीला लागेल इतकंच ठेवलं, ६०० मिली बसलं. त्या उंचीवर बाजूला एक तपासणी बोल्ट मारला.

१८ मे

पीटीओपासून अवजारापर्यंतचा सरकता शाफ्ट. दोन नळ्या एकमेकीत सगळ्यात लांब स्थितीतही एक तृतीयांश तरी राहिल्या पाहिजेत, आणि सगळ्यात आखूड स्थितीत टोकाला आपटता कामा नयेत. हिच पूर्ण वर, मग पूर्ण खाली करून दोन्हीकडे मापून मगच कापला. कापताना नळी आणि वरचं प्लास्टिकचं आवरण सारख्याच मापाने.

दोन्ही टोकांच्या क्रॉस-सांध्यांचे काटे एकाच रेषेत हवेत. एक खाच सरकून बसले तर अवजार दर फेऱ्याला दोनदा मंद आणि दोनदा जलद होतं, घरघर येते आणि दोष बिचाऱ्या पेटीवर जातो. क्रॉसचा कोन १५ अंशांच्या आत.

सुरक्षेचा कातर बोल्ट, म्हणजे जास्त पीळ आला की आधी तुटून बाकीचं वाचवणारा, ६ मिमी, ४.६ ग्रेड. केंद्रापासून ४५ मिमी अंतरावर तो साधारण ३०० न्यूटन-मीटरला तुटतो, मर्यादेच्या सव्वादोन पट. तुटला की हाताला येईल तो ८.८ चा बोल्ट टाकायची सवय सगळीकडे दिसते. तो दुप्पट पिळाला तुटतो, म्हणजे त्याआधी दुसरं काही तुटतं. चार सुटे बोल्ट सीटखाली डबीत ठेवले.

स्प्लाइनवर वरून झाकणारा पत्रा बसवला, शाफ्टच्या प्लास्टिक आवरणाची साखळी हिचला अडकवली म्हणजे आवरण फिरणार नाही. गमछा, ओढणी, सैल कुर्ता घालून जवळ यायचं नाही. ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे, ओढून घेतलेलं कापड सोडवायला वेळ मिळत नाही.

२६ मे

मोसमी पाऊस आज मुंबईत दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जून, यंदा सोळा दिवस आधी. चिपरचं काम बाजूला, पंप आधी.

पंप सेंट्रिफ्यूगल, त्याला लागतात २९०० फेरे, म्हणून त्याच्यावर वेग वाढवणारा गिअरबॉक्स. इंजिनही २९०० वरच. म्हणजे २९०० चे ५४० करायचे आणि परत २९००. हसू येतं, पण ५४० वर उतरल्याशिवाय एकाच टोकाला चिपर आणि चक्री लागणार नाहीत.

१५ मीटर उंचीला तासाला ५० घनमीटर असं काम धरलं तर सुमारे साडेचार एचपी लागते. कुंपणालगतच्या सखल भागात ३० बाय २० मीटरवर १५ सेंटिमीटर पाणी होतं, म्हणजे ९० घनमीटर. नाल्यापर्यंतची चढण जेमतेम चार मीटर. उंची कमी म्हणून काम हलकं होईल असं वाटतं, पण या पंपाचं उलट असतं: उंची कमी झाली की पाणी जास्त जातं आणि ताकदही जास्त खातो. इंजिन दबलं. बाहेरच्या नळीचा व्हॉल्व्ह थोडा आवळल्यावर २९०० परत आले.

चूषण नळीच्या तोंडाची जाळी गुलमोहराच्या पाकळ्या आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी दहा मिनिटांत बुजते. भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये नळीचं तोंड ठेवल्यावर प्रश्न सुटला.

दुपारी क्लच घसरायला लागला, वास आला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, क्लचच्या वायरच्या टोकाला ९.८. कॉइलचा रोध ३ ओहम, म्हणजे ४.२ अँपिअरऐवजी ३.३ च जात होते. चुंबक ढिला पडला की प्लेट पूर्ण चिकटत नाही आणि घासून जळते. कारण डॅशबोर्डच्या स्विचमधला हिरवा गंज. समुद्राजवळच्या हवेत हे व्हायचंच. क्लचला बॅटरीवरून थेट २.५ चौरस मिमीची वायर आणि रिले दिला, स्विच आता फक्त रिले चालवतो. जोडांवर डायइलेक्ट्रिक ग्रीस. प्लेटमधली फट फीलर गेजने तीन ठिकाणी ०.४ मिमी केली.

७ जून

चिपर. दोन चाकांच्या गाड्यावर, चकतीचं वजन ४० किलो, व्यास ५०० मिमी, आतल्या पट्ट्याने १५०० फेरे. चकती सुंदर फिरली. स्विच बंद केल्याबरोबर पुढून धूर आणि पट्ट्याची किंकाळी.

गवत कापणाऱ्या गाडीच्या विजेच्या क्लचमध्ये ब्रेक असतो. वीज गेली की तो लगेच पुलीला धरतो, म्हणजे डेकची पाती काही सेकंदांत थांबतात. हलक्या पात्यांसाठी ते योग्य. इथे त्याच ब्रेकवर चकती येऊन पडते. १५०० फेऱ्यांच्या त्या चकतीत सुमारे १५,४०० ज्यूल ऊर्जा साठलेली असते, म्हणजे तेच ४० किलो तेराव्या मजल्यावरून खाली सोडल्यावर जितकी मिळेल तितकी. ती सगळी मूठभर मापाच्या ब्रेक पॅडवर. पंपाच्या वेळी हे कळलं नाही, कारण पाणी स्वतःच पंपाला थांबवतं. या सगळ्या कामात अवजार फिरवण्याचा विचार दोन महिने केला आणि थांबवण्याचा आज.

ब्रेक काढून टाकणं सोपं दिसतं, पण डेक परत लावला की पाती थांबणार नाहीत. म्हणून पीटीओच्या टोकावर एकाच दिशेला पकडणारं फ्रीव्हील कपलिंग. ट्रॅक्टर चकतीला ढकलू शकतो, चकती ट्रॅक्टरला नाही. त्याने शाफ्टची लांबी ९५ मिमी वाढली, सरकता शाफ्ट पुन्हा मापून कापला.

फ्रीव्हीलची दुसरी बाजू: इंजिन बंद झाल्यावरही चकती दीड मिनिट फिरत राहते, आवाज मात्र नसतो. चकतीवरच्या हूडच्या बिजागरीला लांब आट्यांचा बोल्ट लावला, तो पान्याने सोडवायलाच तेवढा वेळ लागतो.

चालू करतानाही तीच ऊर्जा क्लच घसरून उष्णता म्हणून खातो. २९०० ला स्विच दाबायचा नाही. १४५० ला दाबला तर त्या क्षणाची उष्णता चौथा हिस्सा होते, मग थ्रॉटल हळूहळू वर.

सीटवरून उठलं की इंजिन बंद पडतं आणि चिपरवर तर उठूनच काम करायचं असतं. अशा वेळी सीटच्या स्विचला तारेने कायमचं जोडून टाकलेलं बऱ्याच गाड्यांवर दिसतं. तसं केलं नाही. हँडब्रेक ओढलेला आणि पेडल न्यूट्रलला असेल तरच सीटला वळसा देणारी वेगळी जोडणी, आणि तिच्यात चिपरच्या तोंडाशी लाल टोपीचा आणीबाणी स्विच.

फांद्यांविषयी: पर्जन्यवृक्षाची ओली फांदी ६० मिमीपर्यंत लोण्यासारखी जाते. वाळलेला गुलमोहर पात्यांची धार लवकर घालवतो. नारळाची झावळी घालूच नये, तिचे धागे चकतीमागच्या शाफ्टला सुतळीसारखे गुंडाळले जातात आणि सील खातात. झाडांची छाटणी मात्र पालिकेच्या उद्यान विभागाच्या परवानगीनेच, आपल्या आवारातलं झाड असलं तरी.

भुशाने इंजिनाची हवेची जाळी तासाभरात भरते. उभ्या गाडीत वारा लागत नाही, त्यामुळे दर तासाला बंद करून ब्रश.

२१ जून

एकूण १४ तास चालल्यावर पेटी उघडली. तेल काळं, चुंबकावर बारीक चकाकी. पहिल्या तेलात हे अपेक्षित. बदललं. चेनच्या २० पिच नव्या असताना ३१७.५ मिमी, आज ३१८.१. ३२३.८ झाल्यावर बदलायची. नायलॉनची पट्टी अर्धा आटा पुढे. एका पेडेस्टलचा एक बोल्ट ढिला सापडला, सगळ्यांना नायलॉक (कंपनाने न सुटणारे) नट लावले.

शेणखताची चक्री अजून लावलेली नाही, ती पाऊस ओसरल्यावर. चेनच्या पेटीखाली ४ मिमीचा घसरपत्रा लावायचा बाकी आहे, गतिरोधकावर पेटीचा तळ एकदा घासला आहे. सुटा बी-४३ पट्टा शाफ्ट न खोलता चढत नाही, म्हणून तो आत्ताच पुलीमागे शाफ्टभोवती ओवून, केबल टायने फ्रेमला बांधून ठेवला. चेनची पुढची मोजणी ५० तासांना.